गॅदरिंग तोंडावर, स्टेज मात्र कागदावर

दिवाळीची सुटी संपते, भाताची झोडणी उरकत येते आणि मावळातल्या शाळांना वेध लागतात ते गॅदरिंगचे. लोकनृत्यात कोण, पोवाड्याला झील कोण धरणार, नाटुकल्यात शिवाजी कोण होणार, याची फळ्यावर यादी लागते. पोरे खूश असतात. बाई-गुरुजींना मात्र एकच घोर लागलेला असतो, कार्यक्रम करायचा कुठे?

अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत वाडी-वस्तीवरच्या शाळेला स्वतःचा रंगमंच असणे ही दुर्मीळ गोष्ट. कुठे शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, कुठे बाकांवर फळ्या टाकून स्टेज होते, तर कुठे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून वेळ मारून नेतात. मांडव, माईक आणि लाइट यांचा खर्च वर्गणीतून निघतो. वर्गणी कमी पडली की कार्यक्रमाला कात्री लागते.

पावसात तालीम कुठे?

आपल्याकडची खरी अडचण पावसाची आहे. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात तो चार हजारांच्या पुढे जातो. जून ते सप्टेंबर पटांगणात पाय ठेवायची सोय नाही. लेझीम वर्गात खेळता येत नाही, व्हरांड्यात खेळावे तर पागोळ्या अंगावर. दमट हवेत ढोलकी-तबल्याचे चामडे सैल पडते, सूर उतरतो. स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम कसाबसा वर्गात बाक बाजूला सारून होतो. म्हणजे बाकीच्या जिल्ह्यातल्या पोरांना तालमीसाठी जो काळ मिळतो, त्यातले चार महिने मावळच्या पोरांचे पाण्यातच जातात.

लोणावळ्यात वेगळीच तऱ्हा. पर्यटनाचे गाव, जागेला सोन्याचा भाव. मोकळी जागा कमी आणि शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग. मंगल कार्यालय घ्यावे म्हटले, तर तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि गॅदरिंगचा हंगामही नेमका तोच. लग्नाचे भाडे आणि शाळेची ऐपत यांचा मेळ बसत नाही. मोठे नाट्यगृह हवे तर चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह किंवा पुण्याचे बालगंधर्व. लोणावळा ते पुणे रेल्वेने ६४ किलोमीटर. पहिली-दुसरीची पोरे घेऊन रात्रीच्या लोकलने परत यायचे, हे कोणत्या बाईंना जमणार?

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेला काय काय हवे याची यादीच त्याच्या परिशिष्टात आहे. बारमाही टिकणारी इमारत, शिक्षकागणिक वर्ग, मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, आहार शिजवायची खोली, मैदान, कुंपण. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असली, तर कलेसाठी अर्धवेळ शिक्षक हवा, असेही त्यात म्हटले आहे. पण त्या कलेसाठी रंगमंच किंवा सभागृह यादीत नाही. ज्या शाळेचा पट शंभराच्या आत, तिला या कलमाने शिक्षकही मिळत नाही. मावळातल्या डोंगरकपारीच्या शाळांचे पट सर्वांना ठाऊक आहेत.

यादीत नाव नाही म्हणून निधीत नाव नाही. मग ‘सांस्कृतिक भवन’, ‘खुला रंगमंच’ अशा नावांनी वेगळी मागणी करावी लागते. जागेचा सातबारा, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा असा तो प्रवास. निधी टप्प्याटप्प्याने येतो. पाया झाला की पावसाळा, स्लॅब झाला की पैसे संपले. पुन्हा काम निघेपर्यंत सिमेंट-लोखंडाचे दर वाढलेले.

पोरांचे वय थांबत नाही

हे खेड्यातच होते असे नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते ८ ऑक्टोबर १९६२ रोजी बसली. रंगमंदिर खुले झाले २६ जून १९६८ रोजी. पावणेसहा वर्षे लागली. बालगंधर्व त्याआधीच, जुलै १९६७ मध्ये गेले.

हाच हिशेब शाळेला लावून पाहा. जून १९६२ मध्ये पहिलीत बसलेले मूल, रंगमंदिराचा पडदा उघडला तेव्हा सातवीत पोचले होते. चौथीपर्यंतच्या शाळेतून ते दोन वर्षांपूर्वीच बाहेर पडलेले. कंत्राटदाराला मुदतवाढ मिळते, पोराला मिळत नाही. ज्या वर्षी स्टेज नाही, त्या वर्षीची पोरे कलेपुरती कोरीच राहतात.

आणि नुकसान हौसेपुरते नाही. दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांचे वाढीव गुण मिळतात. जिल्हा परिषदेच्या कला-क्रीडा महोत्सवात केंद्रापासून जिल्ह्यापर्यंत स्पर्धा होतात. सरावाची जागा असलेली शाळा पुढे जाते. ज्या पोराने कधी पायाखाली स्टेज पाहिले नाही, ते तालुक्याला माईकसमोर उभे राहिले की बावरते. गुण त्याच्यात नसतो असे नाही.

देवळाने तारले

मावळात कला टिकली ती देवळांमुळे. सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांची समाधी, पलीकडे भंडारा डोंगर. हरिनाम सप्ताहात टाळ धरणारे, पखवाजाला हात लावणारे पोर इथे घरोघर सापडते. गावच्या सभामंडपातच कित्येक शाळांची तालीम चालते. तळेगावात ‘कलापिनी’सारखी संस्था मुलांना नाटकाची गोडी लावते. पण तळेगावची सोय आंदर खोऱ्यातल्या पोराला रोज कशी मिळणार?

म्हणून भवनाची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी साधी गोष्ट करावी. शाळेच्या आवारात अडीच-तीन फूट उंचीचा पक्का ओटा, वर पत्र्याचे छप्पर, पावसाच्या दिशेची बाजू बंद, विजेचे दोन पॉइंट आणि कपडे बदलायला आडोसा. एवढ्यात पावसाळ्याची तालीमही होते. नवा सभामंडप बांधताना एका टोकाला असा ओटा धरला, तर खर्च आणखी आटोक्यात राहतो. जिथे हेही शक्य नाही, तिथे तीन-चार शाळांत मिळून एक जागा करावी.

‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा ग्रामसभेत ठरतो. २६ जानेवारीची ग्रामसभा गॅदरिंगच्या हंगामातच येते. त्या दिवशी झेंडावंदनाला पालक जमलेले असतातच. लाडू खाऊन घरी न जाता त्यांनी ग्रामसभेत बसावे आणि ओट्याचा विषय लेखी मांडून ठरावात घ्यायला लावावा. रस्ता, गटार, पाणी हवेच. पण शाळेचा ओटा त्या यादीत चौथा तरी असावा. नाहीतर पुढच्या डिसेंबरातही बाई-गुरुजी ट्रॉलीच शोधत फिरणार.