आर्मेनियन अक्षरांची आद्य मुद्रिते आणि त्यांचे धनी

ग्रंथाचा इतिहास लिहिताना लेखक, मुद्रक आणि प्रकाशनवर्ष यांची चिकित्सा आपण साक्षेपाने करतो. परंतु तो ग्रंथ कोणाकोणाच्या हाती राहिला, हा प्रश्न बहुधा सूचीकाराच्या टिपेतच संपतो. आर्मेनियन अक्षरे ज्यांत प्रथम छापली गेली त्या ग्रंथांचा विचार केला असता हा प्रश्न किती मूलगामी आहे, हे ध्यानात येते.

इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स याने सिद्ध केलेली ही लिपी छापील कागदावर प्रथम अवतरली ती परक्यांच्या कुतूहलापोटी. ब्रेडेनबाखच्या पवित्रभूमीच्या यात्रावर्णनात (माइन्झ, १४८६) ती लाकडी ठशाने उमटविलेली आहे. वाचण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. पुढे ग्योम पोस्तेलने १५३८ साली पॅरिसमध्ये बारा भाषांच्या वर्णमाला छापल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी पाव्हिया येथे तेसेओ आंब्रोजोचा सीरियाक व आर्मेनियन भाषांचा परिचयग्रंथ निघाला. १५२७ साली फ्रेंच सैन्याने पाव्हिया लुटले तेव्हा तेसेओची साधनसामग्री विखुरली गेली. त्याने सिद्ध केलेली स्तोत्रसंहिता १५३४ मध्ये त्याला सापडली ती एका मांसविक्रेत्याच्या दुकानात! (याच विक्षिप्त ग्रंथात त्याने आपल्या काकांनी शोधलेल्या एका सुषिर वाद्याचे चित्रही घातले आहे.) अशा ग्रंथांचे धनी प्रामुख्याने विद्वान व संग्राहक होते. पुस्तके कपाटात राहिली, म्हणून टिकली.

आर्मेनियनांच्या स्वतःच्या मुद्रितांची कथा निराळी आहे. व्हेनिस येथे १५१२ च्या सुमारास हाकोब मेघापार्त याने 'उर्बाथागिर्क' छापले. त्यात रोगनिवारणाच्या प्रार्थना व मंत्र आहेत. म्हणजे हे पुस्तक उशाशी ठेवण्याचे, हाताळून झिजविण्याचे. 'मेघापार्त' म्हणजे पापी. हे आडनाव नसावे; आपल्याकडील लेखनिक पुष्पिकेत स्वतःला मंदमती म्हणवतो, त्याच जातीचे ते विनयवचन दिसते. १५१३ च्या पुष्पिकेत तर छापलेल्या ग्रंथासाठीही त्याने 'लिहिला' हेच क्रियापद योजले आहे. हस्तलिखिताची परंपरा मुद्रणयंत्रापाशी तुटली नाही, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

या परंपरेत पुष्पिकेला 'हिशाताकारान' म्हणतात. लेखनिक, दाता, धनी, त्यांचे आईबाप यांची नावे आणि 'आमचे स्मरण करा' ही विनंती तिच्यात असते. लुटीत गेलेला ग्रंथ मूल्य देऊन 'बंदिवासातून सोडविला' अशाही नोंदी सापडतात. ग्रंथ ही येथे केवळ वस्तू नाही. कैदेत पडलेला आप्त आहे. मात्र सर्वच ग्रंथांना असे सोडविणारे भेटले नाहीत. इराणमधील नव्या जुल्फात १६३८ साली छापलेल्या स्तोत्रसंहितेची आज ज्ञात असलेली एकमेव प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

मराठीच्या अभ्यासकाला येथे 'क्रिस्तपुराणा'चे स्मरण व्हावे. फादर स्टीफन्सचा हा ग्रंथ १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ मध्ये तो पुन्हा निघाला. या तीनही मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखित प्रतींमुळे. मंगळूर भागातील ख्रिस्ती घराण्यांनी अशा प्रती जपल्या, आणि त्यांच्या आधारे सलढाणांची १९०७ ची आवृत्ती सिद्ध झाली. असे असूनही जुन्या पुस्तकांची नवी बांधणी करताना आपल्याकडे सर्रास कोरी पाने काढली जातात, समास कापले जातात, आणि धन्याचे नाव त्याबरोबर रद्दीत जाते. मराठी दोलामुद्रितांच्या सूचीत प्रतीवरील स्वाक्षरी, शिक्का, भेटीचा मजकूर यांसाठी स्वतंत्र रकाना का असू नये?

'क्रिस्तपुराणा'ची देवनागरी प्रत लंडनला आहे. ती विल्यम मार्सडेनच्या संग्रहातली. हा संग्रह त्याने १८३५ साली किंग्ज कॉलेजला दिला होता. मार्सडेनकडे येण्यापूर्वी ती कोणत्या घरात वाचली जात होती, याचा शोध तिच्या आरंभीच्या व अखेरच्या पानांपासूनच सुरू करावा लागेल.