बांगलादेशातील शिलाईयंत्रे आणि वाढती दरी
जागतिकीकरण, म्हणजे माल, भांडवल आणि तंत्रज्ञान यांचा देशांच्या सीमा ओलांडून होणारा वाढता संचार, गरिबांना तारतो की नागवतो, या वादात बांगलादेशातील तयार कपड्यांच्या उद्योगाइतका बोलका दाखला क्वचितच सापडतो. कापड व्यापाराच्या १९७४च्या करारानुसार श्रीमंत देशांनी निर्यातदार देशांवर कोटा, म्हणजे आयातीची कमाल मर्यादा लादली, तेव्हा ही मर्यादा टाळण्यासाठी दक्षिण कोरियातील देवू कंपनीने चितगावच्या देश गारमेंट्सशी हातमिळवणी केली आणि तिच्या सुमारे १३० कामगारांना कोरियात शिवणकामाचे प्रशिक्षण दिले. तेथून वाढलेल्या उद्योगाने खेड्यांतील लक्षावधी स्त्रियांच्या हाती प्रथमच रोख मजुरी दिली. त्याला शेतीची आणि परदेशस्थ मजुरांच्या पैशांची जोड मिळून गरिबीचे प्रमाण २०००मधील सुमारे ४९ टक्क्यांवरून २०१६पर्यंत २४ टक्क्यांवर आले.

मात्र याच काळात उत्पन्नाचा गिनी गुणांक, म्हणजे शून्य ते एक या मापावर विषमता दाखवणारा आकडा, ०.४५वरून ०.४८वर चढला. कष्टकऱ्याचा जीवही स्वस्तच राहिला. २०१३च्या एप्रिलमध्ये सावार येथील राणा प्लाझा इमारतीला तडे दिसताच तेथील बँकेने आपले कर्मचारी हलवले, वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले आणि कोसळलेल्या इमारतीखाली अकराशेहून अधिक माणसे मेली. त्या वेळी शिलाई कामगारांचे किमान मासिक वेतन अवघे ३,००० टका होते, आणि वर्षअखेरीस ते ५,३०० झाले, ते बाजाराच्या कृपेने नव्हे, तर आंदोलनांच्या आणि जगभरातील संतापाच्या रेट्याने.