बिननावी गाण्यांची नोंदवही

सीडीवर गाणी असतात, पण बहुतेकदा त्यांची नावं नसतात. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचं जे तंत्र ठरवलं, त्यात चकतीच्या सुरुवातीला एक सूची येते. कोणतं गाणं कुठे सुरू होतं, एवढंच ती सांगते आणि तेही सेकंदाच्या ७५व्या भागापर्यंत नेमकं. नावं साठवण्याची सोय १९९६ मध्ये आली खरी, पण ती फार थोड्या सीडींवर वापरली गेली. संगणकात सीडी घातल्यावर नावं झळकतात ती इंटरनेटवरच्या डेटाबेसमधून. सूचीतल्या अंतरांवरून चकती ओळखायची आणि श्रोत्यांनी आधी टंकून ठेवलेली नावं दाखवायची, अशी ही युक्ती आहे.

‘म्युझिकब्रेन्झ’ हा असाच एक खुला डेटाबेस. रॉबर्ट केय यांनी तो सुरू केला आणि जगभरातले स्वयंसेवक तो भरत असतात. इथे एक अडचण पहिल्यापासून होती. गाण्याला नावच नसेल, तर त्या रकान्यात लिहायचं काय?

रकाना मोकळा सोडला तर नाव नाही, की भरायचं राहिलं, हे कळत नाही. म्हणून नियम केले गेले. कलाकाराने नावच दिलं नसेल, तर चौकोनी कंसात इंग्रजीतल्या लहान अक्षरांत ‘अनटायटल्ड’ लिहायचं. नाव आहे, पण आपल्याला ठाऊक नाही, तर कंसात ‘अननोन’. ट्रॅकवर नुसती शांतता असेल, तर ‘सायलेन्स’. सीडीवर संगणकाच्या फाइल्स असतील, तर ‘डेटा ट्रॅक’. हा मजकूर नोंद करणाऱ्याचा आहे, कलाकाराचा नाही, हे कंसावरून कळतं. ‘द क्युअर’ या बँडच्या १९८९ सालच्या ‘डिसइंटिग्रेशन’ अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचं नावच ‘अनटायटल्ड’ आहे. ते मात्र कंसाविना लिहितात.

शांततेचाही हिशेब ठेवावा लागतो. ‘नाइन इंच नेल्स’ या बँडच्या १९९२ सालच्या ‘ब्रोकन’ची एक आवृत्ती पाहा. तिच्यात सहा गाण्यांनंतर सातव्यापासून सत्याण्णवाव्यापर्यंत सगळे ट्रॅक मुके आहेत आणि मग ९८ व ९९ वर दोन गाणी दडवलेली आहेत. सीडीवर ९९ पेक्षा जास्त ट्रॅक बसतच नाहीत. म्हणजे नियमाप्रमाणे एका सीडीसाठी ‘सायलेन्स’च्या ९१ ओळी! याउलट जॉन केज यांची १९५२ सालची ‘४′३३″’ ही रचना. तिच्यात वादक एकही सूर वाजवत नाही, पण रचनेला नाव आहे, म्हणून नोंद त्या नावानेच.

काही कलाकार नावं मुद्दाम टाळतात. आइसलँडच्या ‘सिगुर रोस’ने २००२ मध्ये काढलेल्या अल्बमचं शीर्षक म्हणजे नुसते दोन कंस. आत आठ बिननावी गाणी आणि कोऱ्या पानांची पुस्तिका. ‘एफेक्स ट्विन’च्या १९९४ सालच्या ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू’मध्ये जवळपास सगळ्या ट्रॅकना नावांऐवजी चित्रं आहेत. त्या चित्रांवरून चाहत्यांनी ‘रुबार्ब’, ‘क्लिफ्स’ अशी टोपणनावं पाडली आणि तीच तोंडी रुळली. अशी नावं पर्यायी नाव म्हणून नोंदवण्याची सोय म्युझिकब्रेन्झमध्ये आहे.

इतके ट्रॅक एकाच नावाचे, तर गोंधळ होत नाही का? नाही, कारण प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतःचा ३६ चिन्हांचा ओळख-क्रमांक असतो. नाव माणसांसाठी, क्रमांक यंत्रासाठी.

हे आपल्या रागसंगीतालाही लागू पडतं. ‘राग यमन, विलंबित एकताल’ हा मजकूर शेकडो ध्वनिमुद्रणांवर सापडेल. नेमकं गाणं ओळखायचं ते बंदिशीच्या पहिल्या शब्दांवरून. हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताचा संगणकीय अभ्यास करणाऱ्या बार्सिलोनातल्या एका विद्यापीठाच्या ‘कॉम्पम्युझिक’ या प्रकल्पाने अशा नोंदींसाठी म्युझिकब्रेन्झचाच आधार घेतला. मुंबईची आयआयटीही त्यात सहभागी होती. ज्यांचा रचनाकार काळाच्या ओघात हरवला, अशा रचनांसाठी ‘ट्रॅडिशनल’ ही वेगळी नोंद आहे. आपल्याकडच्या कॅसेटांवर ‘पारंपरिक’ छापत, तोच हा प्रकार.

‘अनटायटल्ड’ आणि ‘अननोन’ वेगळे ठेवण्याचा खरा फायदा पुढच्या माणसाला होतो. पहिल्या नोंदीत शोधण्यासारखं काही उरलेलं नसतं. दुसऱ्या नोंदीत काम बाकी असतं. उद्या एखाद्या जाणकाराने जुन्या मैफलीतली बंदिश ओळखली, तर ‘अननोन’च्या जागी तिचे शब्द येतील, आणि ओळख-क्रमांक तोच राहील.