टर्बो बसवण्याआधी पिवळा दिवा विझवा

बंगळुरूच्या जेसी रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं पाहून आलेला मुलगा घरी हट्ट धरतो, ‘‘आई, आपल्या जुन्या गाडीला टर्बो बसवूया ना!’’ रुंद चाकं आणि नवे हेडलाइट आधीच बसवून झालेले असतात. अशा वेळी पैसे काढण्याआधी डॅशबोर्डकडे नीट पहा. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा जळतोय का?

टर्बोचा मोह का होतो?

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असल्याने साधं इंजिन इथे मुंबईपेक्षा थोडं सुस्त वाटतं. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्यामुळे ताकद वाढते. मात्र त्याबरोबर उष्णता आणि दाबही वाढतो. आजारी इंजिनाला हा भार सोसत नाही.

कोड काय सांगतात?

मेकॅनिककडे स्कॅनर लावून कोड लिहून घ्या.

पी ०१७१ : हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. फाटलेला होज, मळलेला हवेचा सेन्सर किंवा कमजोर फ्युएल पंप तपासा. टर्बो लावल्यावर हाच दोष पिस्टन वितळवू शकतो.

पी ०३०० : इंजिन मिसिंग करतंय. प्लग आणि कॉइल पहा. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका.

पी ०३२५ : नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. हा सेन्सर म्हणजे इंजिनाचे कान. ते बंद असतील तर धोक्याची ठकठक कॉम्प्युटरला कळतच नाही.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं म्हणजे तापात थर्मामीटर फोडणं. दोष दुरुस्त करा, मग कोड पुसा. काही दिवस गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा. कम्प्रेशन टेस्टही करून घ्या. त्यात इंजिन थकलेलं निघालं, तर टर्बोचा विषय तिथेच संपवा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हेही लक्षात ठेवा. म्हणून बाहेरून बसवलेल्या टर्बोची हौस रेस ट्रॅकवरच्या वेगळ्या गाडीपुरतीच ठेवा.

मुलाला सरळ ‘नाही’ म्हणू नका. त्याला म्हणा, ‘‘आधी हा दिवा का लागला, ते दोघं मिळून शोधूया.’’ दुरुस्त झालेलं इंजिन इतकं छान पळतं, की कदाचित टर्बोची आठवणही येणार नाही. तरीही हौस उरलीच, तर पुढची गाडी कंपनीनेच टर्बो दिलेली घ्या. घरची सगळी त्यात निर्धास्त बसतील.