मेघातील नामावली आणि कार्यालयातील तक्ता

सेवाग्राम आश्रमात एक जुना दूरध्वनी जपून ठेवलेला आहे. गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तो बसवून दिला होता. त्या यंत्राला नामसूचीची गरज नव्हती. पुढे १९६९ साली त्याच गावात वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, १९९७ साली वर्ध्यात हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. अशा मोठ्या संस्थांत कोण कोणत्या विभागात, कोणाचे खाते चालू, कोणाचे बंद, हे ध्यानात ठेवणे एका लिपिकाच्या आवाक्याबाहेरचे असते.

आज अनेक संस्थांची ही नामावली ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या संगणकांवर असते. मायक्रोसॉफ्टची अशी सेवा पूर्वी ‘ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ म्हणून ओळखली जाई. जुलै २०२३ मध्ये तिचे ‘एन्ट्रा आयडी’ असे नामांतर झाले. परंतु कार्यालयाचा जीव एक्सेलच्या तक्त्यात. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम ‘ओडीबीसी’ ड्रायव्हर करतो. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या या पद्धतीत एक्सेल नेहमीच्या विदागाराला विचारावा तसा प्रश्न विचारतो. ड्रायव्हर तो नामावलीला समजेल अशा भाषेत पुढे पाठवतो आणि उत्तर ओळी-रकान्यांत मांडतो. एक्सेलच्या ‘डेटा’ विभागात ‘गेट डेटा’मधून ‘फ्रॉम ओडीबीसी’ निवडले की काम सुरू होते. एक्सेल ६४ बिटचे आणि ड्रायव्हर ३२ बिटचा असेल, तर मात्र दोघांची गाठच पडत नाही. अर्धा दिवस बहुधा इथेच जातो.

नामावलीची साधी फाइल उतरवून घेतली तर काय बिघडते? ती थेट एक्सेलमध्ये उघडली, की कर्मचारी क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात आणि देवनागरी नावांच्या जागी अनेकदा अगम्य चिन्हे उमटतात. शिवाय फाइल ज्या दिवसाची, त्याच दिवसाची राहते. ड्रायव्हरने जोडलेला तक्ता ‘रिफ्रेश’ केला की ताजा होतो. पण तो आपोआप ताजा राहतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

या खटाटोपाचे खरे मोल पगारपत्रक शेजारी ठेवल्यावर कळते. पगारपत्रकात नाव नाही, पण खाते चालू आहे, अशी ओळ म्हणजे निवृत्त झालेल्या किंवा संस्था सोडून गेलेल्या व्यक्तीसाठी उघडे राहिलेले दार. रुग्णालयात त्या दारापलीकडे रुग्णांची कागदपत्रे असू शकतात. हा मेळ नावावरून घालू नये. एकच ‘चौधरी’ रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिला जातो. कर्मचारी क्रमांकच विश्वासाचा. सापडलेले खाते लगेच पुसण्याची घाई नको, आधी बंद करावे. एन्ट्रा आयडीत पुसलेले खाते ३० दिवसांपर्यंतच परत आणता येते.

काही ड्रायव्हर वाचतात तसे लिहितातही, म्हणून जोडणीस केवळ वाचनाचाच अधिकार द्यावा. आणि एकदा माहिती तक्त्यात उतरली, की क्लाउडवरील पहारा तिच्यासोबत येत नाही. हिंगणघाट-आर्वीपासून पुण्यापर्यंतच्या घरांचे पत्ते, जन्मतारखा आणि भ्रमणध्वनी क्रमांक असलेल्या समाजाच्या कुटुंबसूचीलाही हेच लागू पडते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला असला, तरी असा तक्ता व्हॉट्सॲपच्या गटात टाकायला एक क्षण पुरतो.