होडी उगवते बांधावर



आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, समुद्र नाही. भरती-ओहोटी आपण पाहतो ती बाजारभावाची. तेव्हा शेतीच्या पानावर कोकणातल्या लाकडी होड्यांचा विषय कशाला, असे कुणी विचारील. विचारणे रास्तच आहे. पण नगरचा आणि दर्याचा संबंध आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. नगरच्या निजामशाहीचे बंदर होते चौल, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यातले. याच चौलच्या खाडीत १५०८ साली पोर्तुगीज आणि इजिप्तकडून आलेले आरमार यांची झुंज झाली. पुढे १५७०-७१ साली नगरच्या मुर्तझा निजामशहाने पोर्तुगिजांच्या चौलला वेढा घातला. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरायचा आणि बंदरात गलबतावर चढायचा. बैल आपल्याकडचे, गलबत त्यांच्याकडचे.

आणि भाषाच बघा ना. शेत नांगरतो तोही नांगर आणि होडी जागेवर धरून ठेवतो तोही नांगरच.

मूळ मुद्दा मात्र लाकडाचा आहे. होडी पाण्यावर चालते खरी, पण ती उगवते जमिनीवर, कुणाच्या तरी रानात, कुणाच्या तरी बांधावर. कोकणातली होडी बांधण्याची विद्या आज उतरणीला लागली आहे. ती टिकायची असेल तर बंदराइतकाच बांधाचाही विचार करावा लागेल.

होडी कशी बांधतात ते आधी पाहू. तुमच्यापैकी ज्यांनी गावच्या सुतारनेटावर बसून बैलगाडीचे चाक होताना पाहिले आहे, त्यांना हे चटकन उमगेल. आधी तळाचा लांब कणा मांडतात. तो सरळ, जाड, बिनगाठीचा लागतो. त्याला पुढच्या आणि मागच्या टोकाचे खांब जोडतात. मग दोन्ही बाजूंनी फळ्या चढतात आणि आतून बरगड्या बसतात. फळी वाकवायची तर ती ओली करून खालून आच देतात. घाईने वाकवली की तडकते, आणि सागवानाची एक लांब फळी तडकली म्हणजे किती रुपयांना फटका बसतो ते सांगायला नको. फळ्यांच्या सांध्यांत कापूस किंवा काथ्या तेल-राळेत भिजवून ठासतात. जुन्या मिस्त्रीजवळ कागदाचा नकाशा नसतो. दोरी, काठी, ओळंबा आणि नजर एवढ्यावर तो काम करतो. वाकस, पटाशी, रंधा, करवत, सामता ही हत्यारे तर आपल्या सुताराचीच.

सगळ्यांत कौशल्याचे काम बरगड्यांचे. बरगडी वाकडी हवी. सरळ ओंडक्यातून वाकडा तुकडा करवतीने कापता येतो, मग अडचण कुठे आली? अडचण रेषांत आहे. लाकडाच्या रेषा सरळ जातात आणि करवत वाकडी जाते, म्हणजे वळणावर रेषा तुटतात. लाटेचा दणका बसला की बरगडी नेमकी तिथेच मोडते. म्हणून मिस्त्री निसर्गाने वाकवलेली फांदी शोधतो. तिच्यात रेषा वळणाबरोबर वळलेल्या असतात. आपले जुने लोक लाकडी नांगरासाठी बाभळीचे उपजत वाकडे खोड शोधत हिंडत ते याचसाठी. चाकाचे पुठ्ठेही बाभळीचेच, आणि त्यांनाही वळण जन्मजात असले तर बरे. गुजरातेत मांडवीच्या धक्क्यावर मोठी लाकडी जहाजे बांधतात, तिथेही बरगड्यांना बाभूळच वापरतात. ज्या झाडाला आपण काटेरी म्हणून नावे ठेवतो त्याच्या फांदीवर समुद्रात माणसे विसंबलेली असतात.

फळ्यांसाठी सागवान पहिल्या पसंतीचे. त्याच्या अंगातच तेल असते, त्यामुळे ते पाण्यात फारसे फुगत-आकसत नाही आणि लवकर कुजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली मलबारी सागवानाचे ट्रिंकोमाली नावाचे लढाऊ जहाज बांधले गेले. ते आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. घरातल्या जुन्या सागवानी तुळईला आपण उगीच जपत नाही.

समुद्रातल्या लाकडाला एक मोठा वैरी आहे. उसाला जसा खोडकिडा, तसा होडीला पोखरणारा समुद्री जीव. दिसतो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. बारीक असताना तो लाकडात शिरतो आणि आतल्या आत बोगदे पाडतो. बाहेरून होडी धडधाकट, आतून चाळण! म्हणून होडी ठराविक काळाने किनाऱ्यावर ओढून घासायची, वाळवायची आणि तळाला लेप द्यायचा, हा दंडक. माशाचे तेल, उंडीच्या बियांचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल आणि चुना ही किनाऱ्याची जुनी औषधे. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा होते. आपण पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतो, त्याच महिन्यातली ही गोष्ट.

आता झाडांकडे वळू. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. त्यात आरमारासाठी लाकूड कुठून आणावे याचा स्वतंत्र विचार आहे. राज्यातल्या अरण्यातले सागवान वगैरे लागेल ते हुजुराची परवानगी घेऊन तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असे त्यात सांगितले आहे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराला उपयोगी, पण रयतेच्या त्या झाडांना हात लावू देऊ नये. कारण हे झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही, रयतेने ते पोटच्या लेकरासारखे वाढवलेले असते. एखादे झाड अगदी जुने होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन ते घ्यावे, जबरदस्ती करू नये. राज्याला जहाजे हवी होती, शत्रू दाराशी होता, तरीही शेतकऱ्याच्या आंब्याला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही! खात्याच्या नोकरीत मी पुष्कळ परिपत्रके वाचली, पण शेतकऱ्याचे मन इतके ओळखून लिहिलेले परिपत्रक क्वचितच पाहिले.

हे आरमार उभे राहायला सुरुवात झाली ती १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर. गुराब, गलबत, मचवा, शिबाड, पाल, पडाव अशी नाना तऱ्हेची जहाजे कोकणच्या खाड्यांत बांधली जात. पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्यांचा दरारा बसवला. विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीकाठी खडक कोरून केलेली गोदी आजही पाहायला मिळते. १७५६ च्या फेब्रुवारीत याच विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रज आणि पेशवे त्या मोहिमेत एका बाजूला होते. आपल्याच घरातला वाद परक्याच्या हाताने मिटवला आणि घराचा वासा जळाला.

२०२५ च्या जुलैमध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी यांच्यासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. आनंद झाला. पण मनात येते की दगड राखला जातो, कारण तो जागचा हलत नाही. ज्या होड्यांमुळे त्या जलदुर्गांना अर्थ होता त्यांची विद्या माणसाच्या हातात असते, आणि माणूस गेला की हातही गेले.

ही विद्या कमी का होते आहे? कोळी बांधवाला दोष देऊन चालणार नाही. फायबरची होडी हलकी असते, तिला कीड लागत नाही, दरवर्षीची डागडुजी कमी. चांगले लाकूड महागले आणि वेळेवर मिळेना. मिस्त्रीचा मुलगा बापाचे हाल बघतो आणि मुंबईची वाट धरतो. आपण तरी वेगळे काय केले? लाकडी चाकाची गाडी सोडून डनलॉपची घेतली, लाकडी तिफणीच्या जागी लोखंडी आणली, आणि मग ट्रॅक्टर. बैलांची ओढ हलकी झाली, काम लवकर उरकू लागले, हे चांगलेच झाले. फक्त जाता जाता आपण एक गोष्ट हरवली. आपल्या जमिनीला तिफणीचा फण किती कलता ठेवावा, बी किती खोल पडेल, हे गावचा सुतार माती बघून ठरवत असे. ते त्याने कुठे लिहून ठेवले नव्हते आणि आपणही कधी विचारले नाही.

विद्या एकदा सुटली की ती परत आणणे किती कष्टाचे असते, याचे ताजे उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातले एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून तसेच जहाज बांधायचे सरकारने ठरवले. एकही खिळा न मारता, फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवून! २०२३ च्या सप्टेंबरात गोव्यात काम सुरू झाले. अशी शिलाई जाणणारे कारागीर केरळातून बोलवावे लागले. बाबू शंकरन हे त्यांचे प्रमुख. जुना नकाशा नव्हता, म्हणून नौदलाच्या तंत्रज्ञांनी चित्रावरून आराखडा केला आणि छोटी प्रतिकृती पाण्यात तपासून घेतली. २०२५ च्या मे महिन्यात 'कौंडिण्य' या नावाने ते जहाज कारवारला नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ते पोरबंदरहून शिडावर निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी, ऐन संक्रांतीला, ओमानमधल्या मस्कतला पोहोचले. हे जमले ते शिवणारे हात अजून शिल्लक होते म्हणून. ते नसते तर अजिंठ्याचे चित्र भिंतीवरच राहिले असते.

संग्रहालयात एक होडी ठेवली म्हणजे विद्या राखली असे मला वाटत नाही. मिस्त्रीला काम मिळाले पाहिजे. पर्यटकांना खाडीत फिरवणाऱ्या होड्या लाकडी असाव्यात, आणि त्या किनाऱ्यावरच्याच मिस्त्रीकडून बांधून घ्याव्यात, हे बंदरावरच्या लोकांनी मनावर घेतले तर पाच-पंचवीस घरे तरी तगतील. सुट्टीत मुलांना घेऊन मालवण-विजयदुर्गला जाल तेव्हा किल्ला बघून लगेच परतू नका. खाडीकाठी कुठे होडी बांधण्याचे काम चालू असेल तर घटकाभर थांबा, वाकस कशी चालते ते मुलांना दाखवा.

आता आपल्या बांधाचे बोलू. बाभूळ म्हणजे आपली गावठी बाभूळ. वेड्या बाभळीशी तिची गल्लत करू नका, ती जळणाच्या पलीकडे कामाची नाही आणि रान व्यापते ते वेगळेच. गावठी बाभळीचे बी शेळ्यांच्या लेंड्यांतून आलेले चांगले उगवते, हे भगिनींना मी सांगायला नको. काळ्या जमिनीत, ओढ्याकाठी ती जोमाने वाढते. तोडताना सगळ्याच फांद्या जळणात घालू नका. कोपरासारख्या वळलेल्या जाड फांद्या बाजूला काढा. तोडलेले लाकूड काही महिने पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवले तर भुंगा कमी लागतो. आपले वाडवडील ओंडके डोहात टाकत ते वेड्यासारखे नव्हे.

साग लावणाऱ्यांना एक इशारा. सागवान जाड आणि पक्के व्हायला एक पिढी जाते. थोड्या वर्षांत लाखो रुपये देण्याच्या जाहिराती करून १९९० च्या दशकात लागवड कंपन्यांनी अनेकांच्या ठेवी बुडवल्या. साग लावा, पण नातवासाठी लावा. आणि साग, ऐन, आंबा, फणस यांसारखी झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी १९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणे परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाहीत, हे ध्यानात ठेवा. व्यापारी 'मी बघतो सगळे' म्हणतो, दंडाची नोटीस मात्र तुमच्या नावाने येते.

शेवटी सरकारी योजनेचे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहे, लोहार आहे, आणि नाव बांधणाराही आहे. कोकणचा मिस्त्री आणि आपला सुतार एकाच यादीत! प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. वय अठरा पूर्ण हवे, कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि घरात सरकारी नोकर नसावा. नोंदणी गावातल्या सेवा केंद्रातून होते आणि पहिली तपासणी ग्रामपंचायतीत होते. गावचा म्हातारा सुतार स्वतः जाणार नाही, त्याला कागदाची भीती वाटते. त्याच्याकडे शिकणारा जो पोरगा असेल त्याला आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि मोबाईल घेऊन केंद्रावर न्या. त्याच दिवशी म्हाताऱ्याजवळ बसून गाडीच्या आणि तिफणीच्या प्रत्येक भागाचे नाव आणि माप शाळेतल्या मुलाकडून वहीत उतरवून घ्या. तुंबा केवढा, आरे किती, धाव चढवताना चाकाला फट किती ठेवायची, हे त्याला अजून तोंडपाठ आहे.