कानस, गेज आणि बंदुकीचे सुटे भाग

अमेरिकेतील अनेक राज्यांत सज्ञान नागरिकाला सुटे भाग विकत आणून स्वतःच्या वापरासाठी रायफल घरच्या घरी जोडण्याची कायद्याने मुभा आहे, आणि एआर-१५ ह्या नमुन्याची रायफल तर तेथील हौशी माणसाच्या पहिल्या जोडणीसाठी जणू ठरूनच गेली आहे. अशा जोडणीत एखादी खीळ भोकात शिरेनाशी झाली, किंवा वरचा सांगाडा खालच्या सांगाड्यावर किंचित हलू लागला, की नवख्या माणसाची समजूत होते की एक तर विक्रेत्याने आपल्याला फसवले, नाही तर आपल्याच हाताला कसब नाही. ह्या दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच व्यापक भ्रम आहे: यंत्रावर घडलेले एकाच नावाचे दोन भाग तंतोतंत सारखे असतात, आणि म्हणून ते कोठेही बसलेच पाहिजेत.

वस्तुतः तंतोतंत सारखे असे दोन भाग कोणत्याही कारखान्यातून आजवर निघालेले नाहीत. कारखान्याचा नकाशा जे माप सांगतो त्याच्या अलीकडे-पलीकडे किती फरक चालवून घ्यावयाचा, ह्याच्या दोन मर्यादाही तोच नकाशा आखून देतो, आणि तपासनीस दोन गेजे हाती घेऊन एवढेच पाहतो की पहिले भोकात शिरते आणि दुसरे शिरत नाही. आता लहान मर्यादेजवळचे भोक आणि मोठ्या मर्यादेजवळची खीळ एकत्र आली तर जोड घट्ट होणार, उलट झाले तर सैल. आणि तरीही दोन्ही भाग सर्वस्वी निर्दोष असू शकतात. दोन सांगाड्यांमधील त्या किंचित हालचालीचा तर नेमाशी फारसा संबंधच नाही, कारण नळी, बोल्ट आणि दुर्बीण ही तिन्ही वरच्याच सांगाड्यावर आरूढ असतात.

‘लष्करी मापाचा’ हा शिक्का असला की सर्व काही जुळते, हाही असाच एक भाबडा विश्वास. ह्या रायफलीच्या दस्त्याला आधार देणारी बफर ट्यूब बाजारात दोन मापांची मिळते: लष्करी नकाशाची सुमारे १.१४८ इंच व्यासाची, आणि व्यापारी चालीची सुमारे १.१६८ इंच. पहिलीवर बेतलेला दस्ता दुसरीवर चढत नाही आणि दुसरीचा पहिलीवर खुळखुळतो. येथे अपराध कोणाचाच नाही. नमुनेच भिन्न आहेत.

परस्परांत बदलता येणारे भाग एली व्हिटनी ह्या अमेरिकन गृहस्थाने शोधून काढले, हा समज कित्येक पिढ्यांनी पाठ केला. सरकी काढण्याच्या यंत्रामुळे प्रसिद्धी पावलेल्या ह्या गृहस्थाने १७९८ मध्ये दहा हजार बंदुकांचा सरकारी मक्ता दोन वर्षांच्या मुदतीने घेतला, आणि शेवटचा माल सरकारजमा केला तो १८०९ मध्ये. दरम्यान १८०१ साली जेफर्सनप्रभृतींच्या समोर त्याने सुटे भाग जोडून दाखवले खरे. पण त्याच्या उपलब्ध बंदुकांची पुढे विसाव्या शतकात चिकित्सा झाली, तेव्हा त्यांचे भाग एकमेकींत बसत नाहीत असेच निष्पन्न झाले. मुळात ही कल्पनाच त्याची नव्हती. ओनोरे ब्लां ह्या फ्रेंच कारागिराच्या कारखान्यात, ढिगातून हाती येतील ते भाग उचलून चकमकीच्या बंदुकीची कळ आपण स्वतः जोडली, असे जेफर्सनने १७८५ मध्येच आपल्या पत्रात नमूद करून ठेवले आहे.

श्रेय द्यावयाचेच तर ते हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारात वर्षानुवर्षे गेजांशी झगडणाऱ्या जॉन हॉलला द्यावे, असे मला वाटते. प्रत्येक माप आधीच्या मापावरून घेतले तर लहान लहान चुका साचत जातात, हे ओळखून त्याने भागावरील एकच आधारबिंदू निश्चित केला आणि सारी मापे तेथूनच घेण्याचा दंडक घातला. दिसावयास ही क्षुल्लक गोष्ट. परंतु जोडणीच्या टेबलावर न बसणाऱ्या भागांची कित्येक भांडणे आजही ह्याच दंडकाच्या उल्लंघनातून उद्भवतात.

ह्या तपश्चर्येचे फळ १८५४ मध्ये दिसले. ब्रिटिश सरकारच्या समितीने स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात १८४४ ते १८५३ ह्या प्रत्येक वर्षाची एक, अशा दहा बंदुका निवडून त्या सुट्या करविल्या, भाग एकत्र मिसळले, आणि कामगाराने केवळ पेचकसाच्या साहाय्याने त्या पुन्हा जोडून दिल्या. त्यानंतर एन्फील्ड येथे अमेरिकन यंत्रे आली. १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्या इतिहासात कायमची नोंदली गेलेली १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल तरी यंत्रावर सारखी घडलेली असेल असे आपण गृहीत धरतो. तथापि ह्या नमुन्याच्या आरंभीच्या रायफली बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी, शिंप्याने अंगावर बेतून सदरा शिवावा त्याप्रमाणे, एकेक भाग कानशीने बेतून बसवलेल्या होत्या. एकीचा भाग दुसरीला लागेलच ह्याची शाश्वती नव्हती.

म्हणून यंत्रयुगानंतर हाताने जुळवणी करण्याचे प्रयोजन संपले, असेही कोणी मानू नये. ज्या ‘थ्री-नॉट-थ्री’ने आपल्या पोलीस शिपायाला कित्येक दशके सोबत केली, त्या ली-एन्फील्ड रायफली लक्षावधींनी निघाल्या, ईशापूरच्या कारखान्यातही निघाल्या, तरी प्रत्येकीचा बोल्ट तिच्या स्वतःच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. तिच्या चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात तर बोल्टची डोकी ० ते ३ अशा आकड्यांनी, क्रमाने वाढत्या लांबीची केलेली आहेत, आणि बोल्टचे तोंड व काडतुसाची बैठक ह्यांमधील अंतर गेजाने मोजून त्यांतील योग्य ते निवडावयाचे असते. हे अंतर बेसुमार वाढले तर काडतुसाचे कवच फाटून तप्त वायू थेट नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

राहता राहिली कानस. भाग अडला की चार हात कानस मारावी म्हणजे बसतो, हा सल्ला ज्या काळात प्रत्येक बंदूक एकाच कारागिराच्या हातून पुरी होत असे त्या काळी यथार्थ होता. आज चापाच्या कळीवर कठीण केलेला थर पुष्कळदा कागदासारखा पातळ असतो. तो घासून गेला की आतला मऊ धातू झपाट्याने झिजतो, आणि चापाला स्पर्श न होताही बार उडण्याचा संभव निर्माण होतो. न बसणाऱ्या भागाचे माप घ्यावे, नमुना पडताळावा, भाग बदलून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर तो जाणत्या बंदूक-कारागिराकडे न्यावा.

हे सर्व अमेरिकेपुरते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये बंदूक घडवणेच नव्हे, तर विक्रीसाठी ठेवणे आणि दुरुस्त करणे ह्यांसाठीही परवाना लागतो, आणि त्याच अधिनियमातील ‘शस्त्रे’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत शस्त्रांच्या सुट्या भागांचाही समावेश केलेला आहे.